मनाचा पंचनामा

आपल्याकडे पंचनामा कशाचा होत नाही? गोठ्याला आग लागली की तलाठी येतो. भरतीचे पाणी बांध फोडून भातशेतीत शिरले की तलाठी पुन्हा येतो. घरफोडी झाली की हवालदार येतो, दोन पंच बोलावतो आणि कडी कोणत्या बाजूला वाकली होती, कुलूप किती लांब पडले होते, हे सारे कागदावर उतरवून खाली सह्या घेतो. एकच जागा अशी आहे की, जिचा पंचनामा करायला कोणताही पंच अजून धजलेला नाही. ती जागा म्हणजे माणसाचे मन. आणि गंमत अशी की, जिथे कायद्याचे पाऊल उंबरठ्याशी अडते, तिथे आपण सारे पायातल्या चपलाही न काढता बेधडक आत शिरतो!

‘त्याने हे का केले?’ या प्रश्नाइतका आवडता प्रश्न आपल्याला दुसरा नाही. काय केले, केव्हा केले, या गोष्टींची चौकशी करायला वेळ लागतो. ‘का’चे उत्तर मात्र प्रत्येकाच्या खिशात तयार असते. ही खोड काही आजची नव्हे. १७७३ सालच्या गणेशोत्सवाच्या दिवसांत शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. ‘धरावे’ या हुकुमाचे कुणी तरी ‘मारावे’ केले, असे लोक सांगू लागले. आणि ते कुणी तरी म्हणजे आनंदीबाई, हेही लोकांनीच ठरवून टाकले. ही कथा पुराव्याने शाबीत झालेली नाही. तरीही अडीचशे वर्षे मराठी भाषेत ‘ध चा मा’ नांदतो आहे. कारण उघड आहे. नवऱ्याला गादी मिळावी हा हेतू लोकांच्या मनाला पटला. मग कागदाची आठवण कुणाला राहते?

सरकारी कागद, सत्तेची माणसे आणि मनातला हेतू हे तिन्ही एकत्र आले की आपली ही खोड किती भरात येते, याचा अनुभव मला आमच्या गावात बसून घेता आला. पेण तालुक्यातले आमचे जोहे, शेजारची हमरापूर आणि कळवे, ही गणपतीच्या मूर्तींची गावे. इथे घरागणिक कारखाना. कुणी साच्यात प्लास्टर ओतून काथ्या अंथरत असतो, कुणी कच्च्या मूर्तीवर पॉलिश पेपर फिरवत असतो, बायका पितांबराला पिवळा रंग देत असतात. हात कामात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळे असते. कोपऱ्यात टीव्ही चालू असतो. अशा ठिकाणी राजकारणाला तोटा कसला! गप्प असतो तो एकच माणूस : डोळ्यांची आखणी करणारा. त्याच्या कुंचल्याच्या टोकावर देवाची नजर असते, म्हणून तो बोलत नाही.

२०२१ सालच्या मार्च महिन्यात या कारखान्यांतून एकच विषय रंगला होता. त्या महिन्याच्या २३ तारखेला, तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी मुंबईत पत्रकारांपुढे एक प्रकरण मांडले. पोलिसांच्या बदल्यांत दलाली चालते, अशा आशयाचा एक अहवाल राज्य गुप्तवार्ता विभागाच्या तेव्हाच्या प्रमुख रश्मी शुक्ला यांनी २०२० च्या ऑगस्टमध्ये दिला होता. त्यासाठी काही फोन ऐकण्यात आले होते. हा अहवाल आणि ६.३ जीबी इतकी माहिती आपल्याजवळ आहे, असे फडणवीसांनी सांगितले आणि ती घेऊन त्यांनी दिल्लीला केंद्रीय गृहसचिवांचे दार गाठले. इकडे त्याच महिन्यात मुंबईच्या सायबर पोलिसांत अज्ञात व्यक्तींविरुद्ध गुन्हा नोंदला गेला. त्यात इतर कायद्यांबरोबर १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियमही लावलेला होता. पुढच्या वर्षी, १३ मार्च २०२२ ला, पोलिसांनी फडणवीसांच्या घरी जाऊन त्यांचा जबाब घेतला. जूनअखेर राज्यातले सरकार बदलले, तपास सीबीआयकडे गेला, सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला आणि न्यायालयाने तो स्वीकारला. कागद खटल्यापर्यंत पोचलाच नाही.

आता मौज पाहा. कारखान्यात दोन तट पडले होते, पण घडलेल्या गोष्टींविषयी दोघांचा कसलाच वाद नव्हता. अहवाल होता, तो गोपनीय होता, तो विरोधी पक्षनेत्याच्या हाती आला होता, हे दोन्ही तटांना मान्य! भांडण होते ते एका क्रियापदाचे. एक म्हणे, ‘गुपित फोडले’; दुसरा म्हणे, ‘गैरप्रकार उघड केला’. ‘सरकार पाडायचा डाव होता,’ असे पहिल्याचे म्हणणे. ‘जनतेसाठी केले,’ असे दुसऱ्याचे. आणि माझ्या ध्यानात आले की, क्रियापद निवडण्यापूर्वी दोघांनीही पक्ष निवडलेला होता. पक्ष आधी, हेतू मागाहून, आणि पुरावा सर्वांत शेवटी. तोही सापडला तर!

कायदा या बाबतीत आपल्याहून शहाणा आहे, की नुसताच अधिक सावध आहे? त्या १९२३ च्या कायद्यात मला दोन दरवाजे दिसले. तिसरे कलम हेरगिरीचे. तिथे राष्ट्राच्या सुरक्षिततेला बाधक असा उद्देश असावा लागतो. पाचवे कलम मात्र उद्देशाच्या फंदात पडत नाही. विश्वासाने सोपवलेला गुप्त कागद ज्याला द्यायचा नाही त्याला जाणूनबुजून दिला, अधिकार नसताना जवळ ठेवला, किंवा त्याची नीट काळजी घेतली नाही, एवढे पुरेसे आहे. मग तो देशप्रेमाने दिलेला असो की द्वेषाने. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणजे हे कलम पंचासारखे आहे. कडी कोणत्या बाजूला वाकली ते लिहिते. चोराच्या घरी दूध होते की नव्हते, हे विचारत नाही.

पण त्या तिसऱ्या कलमात एक ओळ अशी आहे की, ती वाचून मी चश्मा काढून पुसला. आरोपीचा उद्देश दाखवणारे एखादे विशिष्ट कृत्य सिद्ध झाले नाही तरी चालेल. परिस्थितीवरून, वर्तनावरून, किंवा त्याच्या शाबीत झालेल्या ‘ज्ञात चारित्र्यावरून’ उद्देश वाईट दिसला, तरी तो दोषी ठरू शकतो! इंग्रज सरकारने हा कायदा केला तेव्हा आपल्या देशातल्या कुणाकुणाचे ‘चारित्र्य’ त्याला ‘ज्ञात’ होते, हे मराठी वाचकाला सांगायला नकोच.

सरकार माणसाच्या मनात शिरले म्हणजे काय होते, ते त्या कायद्याच्या पंधरा वर्षे आधीच मुंबईच्या हायकोर्टात दिसले होते. १९०८ चा टिळकांचा खटला गुप्त कागदांचा नव्हता; ‘केसरी’तल्या लेखांवरून राजद्रोहाचा होता. पण टिळकांच्या पुण्यातल्या घराच्या झडतीत एक पोस्टकार्ड सापडले. त्यावर स्फोटक द्रव्यांवरच्या दोन पुस्तकांची नावे होती. सरकारने तेवढे कार्ड न्यायालयापुढे ठेवले : पाहा, यांच्या मनात काय आहे! टिळकांनी सांगितले की, स्फोटक द्रव्यांचा नवा कायदा आला आहे, त्यावर टीका लिहायची म्हणून मला ती पुस्तके हवी होती. संपादकाच्या टेबलावर असे कार्ड असणे यात नवल ते काय? पण कार्ड एकच आणि वाचणारी मने दोन. ज्यूरीतल्या सात जणांनी विरुद्ध कौल दिला, दोघांनी बाजूने. आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. याच दावरांनी १८९७ मध्ये बॅरिस्टर म्हणून टिळकांना जामीन मिळावा यासाठी युक्तिवाद केला होता. माणूस खुर्ची बदलतो, तेव्हा त्याला दुसऱ्याच्या मनातले वेगळे दिसू लागते की काय, कोण जाणे!

मग राजकारणी माणसाचा हेतू कधी सिद्ध होतच नाही का? होतो, पण त्याच्या मनात डोकावून नव्हे. आमच्याच जिल्ह्यातले एक उदाहरण आहे. आंबेतचे बॅरिस्टर अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत. त्या काळी सिमेंट सरकारी परवान्याने मिळे. बांधकामवाल्यांना मिळालेले सिमेंट आणि मुख्यमंत्र्यांच्या प्रतिष्ठानाला त्यांनी दिलेल्या देणग्या यांचे नाते हायकोर्टाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी जोडले आणि १९८२ च्या जानेवारीत निकाल दिला. अंतुल्यांनी राजीनामा दिला. इथे कुणी मुख्यमंत्र्यांच्या अंतःकरणाची झडती घेतली नाही. दिले काय आणि मिळाले काय, हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. हेतू त्या दोहोंच्या मधल्या कोऱ्या जागेत आपोआप उमटला. पुढचा फौजदारी खटला मात्र परवानगी कुणाची हवी आणि तो कोणत्या न्यायालयात चालावा, या प्रश्नांवरच वर्षानुवर्षे सुप्रीम कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिला.

साता समुद्रापलीकडेही हीच कथा आहे. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत तीन मोठ्या पुढाऱ्यांवर सरकारी गुपिते हयगयीने हाताळल्याचा ठपका आला. हिलरी क्लिंटन परराष्ट्रमंत्री असताना खात्याची पत्रे घरच्या ईमेलवरून चालवीत. तपास करणाऱ्यांनी २०१६ मध्ये सांगितले की, निष्काळजीपणा फार झाला, पण खटला भरण्याजोगा इरादा दिसत नाही. जो बायडन यांच्या घरी आणि जुन्या कचेरीत कागद सापडले. त्यांच्या माणसांनीच ते सापडल्याचे कळवले होते. २०२४ च्या अहवालाने म्हटले की, जाणूनबुजून ठेवल्याच्या खुणा आहेत, पण संशयापलीकडे सिद्ध होणार नाही. एक विसराळू, भला म्हातारा म्हणून ज्यूरी त्यांच्याकडे पाहील! डोनाल्ड ट्रम्प यांच्या फ्लोरिडातल्या वाड्यात तर खोकीच्या खोकी होती. काही न्हाणीघरातसुद्धा रचलेली. २०२३ मध्ये त्यांच्यावर आरोपपत्र आले. पण ते कागद ठेवल्याबद्दल एवढेच नव्हते, तर परत मागितल्यावर लपवल्याबद्दलही होते. ट्रम्प यांनी सारे आरोप नाकारले, आणि सरकारी अभियोक्त्याची नेमणूकच बेकायदा ठरवून न्यायाधीशांनी २०२४ मध्ये खटला काढून टाकला. त्यांनी ती खोकी कशासाठी ठेवली होती? आठवण म्हणून, मिरवायला, की आणखी कशाला? या प्रश्नावर जगभर शाई सांडली. खटल्याला त्याची गरज नव्हती. खटल्याला हवे होते ते एवढेच : ठाऊक होते का, आणि परत मागितल्यावर काय केले?

हाच प्रश्न मी एकदा जोह्यात, मराठीत आणि फार थोडक्या शब्दांत ऐकला आहे. मूर्तीच्या धंद्यात गोपनीय कागद नसतो, पण साचा असतो. मूर्तिकार नव्या घडणीची मूर्ती मातीत करतो, तिच्यावरून रबरी साचा निघतो, आणि हंगाम उघडेपर्यंत कारखानदार तो जिवापाड सांभाळतो. तो बाहेर गेला तर त्याचा गणपती शेजारच्या गावात त्याच्याआधी उभा राहायचा! तर एका कारखान्यातून असा एक नवा साचा एका रात्री नाहीसा झाला आणि दुसऱ्या रात्री परत आला. नेला होता आमच्या आळीतल्या एका तरुण कारागिराने. घरी आजारी आई, डोक्यावर कर्ज. कारखानदार त्याला कामावरून काढायला निघाला. काढला असता तर पोराला पनवेलची वाट धरावी लागली असती, आणि आईजवळ कुणी उरले नसते.

संध्याकाळी चार वडीलधारी माणसे बसली. मीही त्या पोराच्या बाजूने दोन शब्द बोलायला गेलो होतो. हेतूंचा नुसता पाऊस पडला. कुणी म्हणे, याला स्वतःचा कारखाना काढायचा आहे. कुणी म्हणे, याचा मेव्हणा हमरापूरला आहे, त्याला विकला असेल. पोर म्हणाले, “घरच्या गणपतीसाठी एकच मूर्ती काढली. विकत घ्यायला पैसे नव्हते.” आणि खरेच, त्याच्या घरी एकच कच्ची मूर्ती सापडली. आम्ही म्हटले, झाला पुरावा! कारखानदार म्हणाला, “नमुना म्हणून काढली असेल.” त्याचेही खोटे कसे म्हणायचे? टिळकांच्या कार्डासारखीच ही मूर्ती. ज्याला जे हवे ते तिच्यात दिसत होते.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले आखणीवाले आबा बोलले. “मूर्ती एकच आहे, हे खरं. पण ती एकुलती, का पुढं काढायच्या शंभरातली पहिली, हे तिला विचारून कळायचं नाही. ते राहू द्या. पोरा, साचा बाहेर न्यायचा नसतो, हे तुला ठाऊक होतं?”

“होतं, आबा.”

“मालकाला विचारलं होतंस?”

“नाही.”

“सकाळी मालकानं साचा कुठं आहे म्हणून विचारलं, तेव्हा काय सांगितलंस?”

पोर खाली मान घालून म्हणाले, “असेल इथंच कुठं तरी, असं म्हटलं.”

“मग झालं,” आबा म्हणाले. “मनातलं देवाला ठाऊक. हे शेवटचं उत्तर मात्र आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.” पोर चुकले, असा निवाडा झाला. माझे चार शब्द माझ्यापाशीच राहिले. पण आबा एवढ्यावर थांबले नाहीत. ते कारखानदाराकडे वळले. “चूक ठरली. आता शिक्षा ठरवताना त्याची आई बघ, त्याचं कर्ज बघ. साच्याच्या खोलीत त्याला यंदा पाऊल टाकू देऊ नकोस. रंगकामाला बसव. पण कामावरून काढू नकोस. आणि ती मूर्ती त्याच्या घरीच राहू दे.” कारखानदार कुरकुरला, पण त्याने ऐकले. भाद्रपदात ती मूर्ती त्याच्याच घरी बसली. डोळ्यांची आखणी आबांनी स्वतः जाऊन केली.

मला वाटते, हेतूची खरी जागा आबांनी दाखवून दिली. दोष ठरवताना हेतूला ओसरीवर बसवावे. शिक्षा ठरवताना आत बोलावावे. आपण नेमके उलटे करतो. आपल्या माणसाचा हेतू चांगला म्हणून त्याचा दोषच पुसून टाकतो, आणि परक्याचा हेतू वाईट म्हणून दोष सिद्ध होण्याआधीच त्याला शिक्षा देऊन मोकळे होतो.

तुम्ही म्हणाल, अशाने जनतेसाठी गुपित उघडे करणारा आणि ते बाजारात विकणारा, दोघे एकाच तराजूत पडतील. शंका रास्त आहे. पण तिचे उत्तरही मनात शिरून मिळायचे नाही. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यात एक सुरेख तरतूद आहे : माहिती उघड करण्यातले लोकहित तिच्यामुळे होणाऱ्या हानीपेक्षा जड असेल, तर गुपिते अधिनियम असूनही ती माहिती देता येते. अर्ज आल्यावर सरकारी कचेरीने हे वजन करायचे असते. स्वतःच कागद घेऊन निघालेल्या माणसाला ही तरतूद पांघरूण घालीत नाही. पण तिथे मागणाऱ्याचे मन तोलत नाहीत. कागदात काय आहे ते तोलतात. वाईट मनाच्या माणसानेही खरा गैरप्रकार उजेडात आणावा आणि देवमाणसानेही नको तो कागद वाऱ्यावर सोडावा, असे जगात घडते. तराजू हातात असेल तर दोन्ही वेळी न्याय करता येतो. नुसते मनकवडेपण असेल तर दोन्ही वेळी घसरगुंडी ठरलेली.

मंत्र्यांचा शपथविधी आपण टीव्हीवर हौसेने पाहतो. कुणाच्या अंगावर कोणते उपरणे आहे आणि कुणाचा आवाज कापला, याची चर्चा रंगते. पुढच्या वेळी जरा कान देऊन ऐका. पदाची शपथ झाली की प्रत्येक जण गोपनीयतेची शपथ घेतो : मंत्री म्हणून माझ्या विचारार्थ येईल किंवा मला कळेल अशी बाब, कर्तव्यासाठी आवश्यक असेल तेवढे सोडून, मी कुणाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष सांगणार नाही. त्यात ‘माझा हेतू वाईट असेल तर’ अशी अट नाही, आणि ‘हेतू चांगला असल्यास माफ’ अशी सवलतही नाही. आहे तो एक शब्द : कर्तव्य. तो बाहेरून दिसतो, तो मोजता येतो, आणि त्याचा पंचनामा करायला आपल्यासारखे साधे पंचही पुरेसे आहेत.